दुसरं उत्तर

"कॉम्प्युटरला माणसातलं काय कळतंय गं?" माई म्हणाल्या. "पण भिड्यांनी ठराव आणला, कमिटीनं माना डोलावल्या. आता तू आलीच आहेस, तर विचार काय ते."

मी खुर्ची त्यांच्या टेबलाजवळ ओढली. "माई, मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही असं समजा. पहिल्यापासून सांगा."

हे वाक्य मी सगळीकडे म्हणत असे, ते आमच्या धंद्याचंच आहे. प्रोग्राम लिहिणारे लिहायला बसण्याआधी एका माणसानं जाऊन बघायचं असतं की लोक काम नेमकं कसं करतात. साखर कारखान्यात, दवाखान्यात, पतपेढीत मी हेच केलं होतं. सांगलीच्या या वधूवर मंडळात मात्र ते वाक्य खोटं होतं. मला यातलं बरंच कळत होतं, फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं.

माझी मोठी बहीण निमा हिचं नाव याच मंडळात होतं. मी तेव्हा शाळेत होते. निमाताई दिसायला छान, बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात, गाणं शिकलेली. माईंनी स्वतःच्या भाच्यासाठी तिला मागणी घातली. आमचे बाबा शाळामास्तर, बोलायला अगदी मऊ. ते म्हणाले, "मुलगा चांगलाच आहे हो, पण निमाला अजून शिकायचंय." माई हसल्या, चहा पिऊन गेल्या. तिथून पुढे दहा-बारा वर्षं निमाताईला बघायला माणसं आली, आवडली म्हणाली, कळवतो म्हणाली, आणि गप्प झाली. आमच्याकडे फोन नव्हता. बाबा संध्याकाळी शेजारच्या जोश्यांकडे फोनपाशी जाऊन बसायचे. जोशीकाकू चहा द्यायच्या, मग पुढे पुढे द्यायच्या बंद झाल्या. शेवटच्या आजारपणात बाबा मला म्हणाले, "माईंना नाही म्हटलं, तिथं चुकलं बघ."

म्हणजे हे कुणी केलं ते मला ठाऊक होतं. कसं केलं ते कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय त्या बाईचं काही वाकडं करता येत नव्हतं. आमच्या घरात लोणचं टिकत नाही, राग टिकतो. पुण्याच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, "सांगलीचं एक छोटं काम आहे, कोण जाईल?" सगळे छताकडे बघत होते. मी म्हटलं, मी जाते. आडनाव आता सबनीस होतं, मोडक नव्हतं. माईंनी मला ओळखायचं काही कारण नव्हतं.

मंडळाचं ऑफिस एका मंगल कार्यालयाच्या माडीवर होतं. खाली कुणाचं ना कुणाचं लग्न चालू असायचं, वर मसालेभाताचा वास यायचा. माईंचं वय सत्तरीच्या आसपास, नऊवारी नेसायच्या, समोर सुपारीची डबी आणि फोन. दोन दिवस त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलीकडचे येतात, नाव नोंदवतात, फोटो देतात, पत्रिका देतात. मुलाकडचे येऊन फोटो बघतात, पत्ता घेऊन जातात. मी प्रत्येक वेळी एकच विचारायची, "मग पुढे काय होतं?"

'का' असं कधी विचारायचं नाही, लोक बिचकतात. 'मग पुढे' म्हटलं की माणूस सांगत सुटतो.

माई सुटल्या, पण त्यात खोट सापडेना. "आमच्याकडे सगळ्या मुली सारख्या," असं त्या चारचारदा म्हणत. मी मिरजेला निमाताईकडे मुक्काम केला होता, ती तिथल्या कन्याशाळेत शिकवायची, एकटीच राहायची. ती डबा भरून द्यायची आणि विचारायची, "माई कशा आहेत?" मी म्हणायची, "आहेत मजेत." तेवढ्यावर ती विषय सोडायची. तिचं ते सोडणं मला बघवत नसे.

तिसऱ्या दिवशी मी माईंना म्हटलं, "आता मी काही विचारत नाही. तुम्ही तुमचं काम करा, मी नुसती शेजारी बसते." आमच्यात हेही करतात. माणूस काय करतो असं सांगतो आणि खरं काय करतो, यात बरंच अंतर असतं.

सकाळी साताऱ्याहून फोन आला. कुठल्या तरी मुलीची पत्रिका जुळली होती, मुलाची आई विचारत होती. माई फोनवर खुलल्या. "डोळे मिटून करा हो. मी सांगते ना. घर बघायलाही जाऊ नका."

थोड्या वेळानं भिडेकाका चहा सांगायला खाली गेले. भिडेकाका म्हणजे मंडळाचे चिटणीस, बँकेतून निवृत्त झालेले. मंडळाचं काम फुकट करायचे, मला पहिल्या दिवसापासून उज्ज्वलाताई म्हणायचे, आणि कॉम्प्युटर येणार म्हणून लहान मुलासारखे खूश होते. ते जिना उतरले आणि पुन्हा फोन वाजला.

"कोण, आमच्या भिड्यांची अपर्णा का?" माई म्हणाल्या. "हो हो. मुलगी चांगली आहे."

मग त्या थांबल्या. डबी उघडली, सुपारीचं खांड निवडलं, तोंडात टाकलं. फोन कानाला तसाच. पलीकडचा माणूस वाट बघत असणार.

"बाकी तुम्ही चौकशी करा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हेच ते, मला कळलं. तरी मी सवयीनं विचारलं, "मग पुढे काय होतं?"

"पुढे काय व्हायचंय? काही नाही. परत फोन येत नाही."

"चौकशी कुठे करतात?"

"करतंय कोण?" माई हसल्या. "चौकशी करा म्हटलं ना, की माणसं चौकशी करत नाहीत. दुसरी मुलगी बघतात."

एवढं सोपं होतं. बारा वर्षं आई सोमवार धरत होती, बाबा पत्रिका घेऊन ज्योतिषांकडे हेलपाटे घालत होते, निमाताई उन्हात जायची नाही. आणि इथे ही बाई सुपारी निवडत होती.

मी आवाज साधा ठेवला. "भिडेकाका तर रोज तुमच्याबरोबर असतात."

"म्हणून काय मला न विचारता ठराव आणायचा? माणसानं आपल्या पायरीनं राहावं." माईंनी डबी बंद केली. "ज्यांना आपली किंमत नाही, त्यांना जरा थांबू द्यावं. मस्ती उतरते आपोआप."

"फारच थांबली, असं कुणाचं झालंय का हो?"

"एक होती मागं, मोडक मास्तरांची. माझ्या भाच्याला नाही म्हणाले मास्तर. दुकानात बसतो ना तो, त्यांना डॉक्टर हवा असेल. मग बसा म्हटलं." त्या खिडकीतून खाली बघायला लागल्या, खाली अक्षता पडत होत्या. "तिचं पुढं काय झालं कुणास ठाऊक. असेल कुठं तरी."

मी उठून बाहेर गेले, नळाखाली तोंड धुतलं. परत आले तेव्हा भिडेकाका चहाचे कप मांडत होते आणि माई त्यांना म्हणत होत्या, "अहो भिडे, या पोरीला बिस्किटं पण द्या, वाळलीय नुसती." काकांनी माझ्यासमोर पुडा फोडून ठेवला.

दुपारी माईंची नात सायली त्यांचा डबा घेऊन आली. तेवीस-चोवीसची, गोड, मोकळी पोरगी. माझ्यासाठी भडंग आणली होती तिनं, मी आदल्या दिवशी सहज म्हटलं होतं म्हणून. ती गेल्यावर माई माझ्याकडे वळल्या. "सायलीसाठी पुण्याचं स्थळ आलंय. फाटक. मुलगा तुमच्याच लायनीतला आहे. त्यांनी विचारलं, मुलीला ओळखणारं पुण्यात कुणी आहे का. मी तुझं नाव आणि नंबर दिलाय बरं का. घरच्यांचं कोण खरं धरतंय? तू बाहेरची. फोन येईल त्यांचा, चांगलं सांग."

"सांगेन की," मी म्हटलं.

रविवारी कमिटीची बैठक होती. प्रोग्राम लिहायला घेण्याआधी आम्ही काय समजलो ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं आणि प्रत्येक पायरीवर 'बरोबर' म्हणवून घ्यायचं, अशी आमची पद्धत. अध्यक्ष दांडेकर वकील होते, लता साने होत्या, आणखी दोघेतिघे होते, भिडेकाका सर्वांना कागद वाटत होते. माई मधोमध, नव्या कोऱ्या लुगड्यात.

मी वाचायला लागले. मुलीचे पालक नाव नोंदवतात. माई म्हणाल्या, बरोबर. फोटो आणि पत्रिका जमा होते. बरोबर. मुलाकडचे पत्ता घेऊन जातात. बरोबर, बरोबर. त्यांना मजा वाटत होती. शाळेत पाठ म्हणून दाखवल्यासारखं चाललं होतं.

"पत्रिका जुळली की मुलाकडचे माईंना फोन करतात. मुलगी कशी आहे विचारतात. याला दोन उत्तरं आहेत."

माईंचं 'बरोबर' ओठांवर आलं होतं, ते तिथेच राहिलं.

"पहिलं उत्तर, 'डोळे मिटून करा.' हे दिलं की बहुतेक लग्न ठरतं. दुसरं उत्तर, 'मुलगी चांगली आहे.' मग थोडं थांबायचं. मग, 'बाकी तुम्ही चौकशी करा.' हे दिलं की परत फोन येत नाही." मी कागद खाली ठेवला. "प्रोग्राममध्ये घालायला मला एक नियम हवाय, माई. कोणत्या मुलीला पहिलं उत्तर आणि कोणत्या मुलीला दुसरं?"

खालच्या कार्यालयात कुणीतरी सनईची तबकडी बदलत होतं. 

"हे काय आहे?" दांडेकर वकिलांनी विचारलं.

"मंडळाचा नियम आहे, साहेब. कुठं लिहिलेला नाही, पण चालतो. न लिहिलेले नियम शोधून काढायचे, हेच आमचं काम."

"काहीतरीच," माई म्हणाल्या. "मी आपली बोलते, येईल ते. चौकशी करा म्हटलं तर काय बिघडलं? करायलाच हवी माणसानं चौकशी."

लता साने पुढे सरकल्या. त्या फारशा बोलत नसत. "माई, जोगांच्या मुलीबद्दल तुम्ही मला हेच म्हणाला होतात. शब्द न् शब्द हाच. आमच्या श्रीरंगला ती फार आवडली होती. मी म्हटलं, माई असं म्हणतात म्हणजे काहीतरी असणार."

"मी वाईट शब्द काढला का एक तरी? सांगा ना. काढला का?"

"नाही काढलात," दांडेकर म्हणाले. "म्हणून तर इतकी वर्षं खपलं."

 मला पुढचं माहीत होतं आणि ते मी विचारणार नव्हते. ते ज्यांनी विचारायला हवं होतं, ते भिडेकाका हातातले उरलेले कागद सरळ करत होते. खूप वेळ सरळ करत राहिले. मग म्हणाले, "उज्ज्वलाताई, आमच्या अपर्णाचं कोणतं उत्तर?"

"भिडे, तुम्ही सुद्धा काय," माई म्हणाल्या.

"मी यांना विचारतोय."

त्या माणसानं मला रोज चहा पाजला होता. चार दिवस विचार करून मला त्यांना न दुखावणारी दुसरी वाट सापडली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलीही नव्हती. मी म्हटलं, "बुधवारी तुम्ही चहा सांगायला खाली गेला होतात, तेव्हा फोन आला होता. दुसरं."

काकांनी चष्मा काढला. माईंकडे बघितलंच नाही. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाले, "मी तिला म्हणायचो, तुझंच काहीतरी चुकतंय. जरा बारीक हो म्हणायचो. संध्याकाळचं जेवण सोडलंय तिनं."

मग त्यांनी खिशातून मंडळाच्या कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेले. दांडेकर वकिलांनी ती किल्ली उचलली, आणि माईंना म्हणाले, "तुमच्याकडचीही द्या, माई. उद्यापासून फोन लताताई घेतील." माईंनी कमरेची किल्ली सोडायला बराच वेळ लावला. गाठ घट्ट बसली होती. कुणी मदत केली नाही.

सगळे गेल्यावर मी माझे कागद भरत होते. माई सुपारीची डबी पिशवीत टाकून दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"तू कोण गं?"

"मोडक मास्तरांची धाकटी."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मला तो दिसत होता. "मास्तरांना दोन मुली होत्या का?" त्या म्हणाल्या.

मी शेवटचा कागद पिशवीत घातला. वाटलं होतं, त्या भांडतील, माझ्या बापाचा उद्धार करतील. मग माझं बोलून झालं असतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं.

"फाटकांचा फोन येणार आहे तुला."

"हो, नंबर तुम्हीच दिलाय."

"काय सांगशील?"

"मुलगी चांगली आहे," मी म्हटलं.

मग मी थांबले. पिशवीची चेन लावली, पेन शोधलं, खिशाला लावलं. माई दाराची चौकट धरून वाट बघत होत्या. मी त्यांच्या बाजूनं निघून जिना उतरले.

फोन दिवाळीच्या आधी आला. फाटकांच्या आईचा आवाज घाबरट, सज्जन. "तुम्ही बघितलंय ना मुलीला? कशी आहे हो?"

"मुलगी चांगली आहे," मी म्हटलं, आणि तो थांबा आपोआप आला. मला तो आणावा लागला नाही. तोंडात सुपारी नव्हती, एवढाच फरक. फोनच्या पलीकडे ती बाई श्वास धरून होती. एक वाक्य, आणि निमाताईचा हिशोब तिथल्या तिथे फिटला असता. मग मला ती भडंगची पुडी आठवली. रद्दी पेपरात बांधलेली, वर दोरा, आणि दोऱ्यात खोचलेली मिरची, वेगळी, कारण मला तिखट चालतं का हे सायलीला माहीत नव्हतं.

"डोळे मिटून करा," मी म्हटलं. "असली मुलगी परत मिळणार नाही तुम्हाला."

म्हणजे पोरीचं मी काही वाईट केलं नाही. पण हे माईंना कुठं माहीत होतं?

चारच दिवसांनी त्यांचा फोन आला. "आला होता का गं फोन?"

"आला होता."

"काय सांगितलंस?"

"जे आहे ते."

"म्हणजे काय?"

"माई, मी ऑफिसात आहे. ठेवते."

फाटकांकडची माणसं सावकाश कामाची. मुलाचे मामा बडोद्याला, त्यांना विचारायचं होतं. मग दिवाळी आली, मग कुणाचं तरी सुतक आलं. होकार नाही, नकार नाही. माई दर दोन-तीन दिवसांनी फोन करत. पहिल्यांदा दरडावून, मग गोड, मग नुसत्याच. "एवढंच सांग, चांगलं सांगितलंस ना?" मी म्हणायची, "त्यांचं चाललंय, माई. करत असतील चौकशी." मग तिकडून बराच वेळ काही आवाज यायचा नाही. मी फोन धरून ऐकत राहायची. त्यांना सोडवायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्यापाशी तयार होतं आणि मी ते दिलं नाही. वाईट वाटलं का, असं कुणी विचारेल. नाही वाटलं. त्या दिवसांत मला झोप छान लागायची, जेवण जायचं.

सायलीनं एकदा पुण्यातल्या कुठल्याशा कोर्सबद्दल विचारायला फोन केला. बोलता बोलता म्हणाली, "आजीला काय झालंय कळत नाही हो, उज्ज्वलाताई. दिवसभर फोनपाशी बसून असते. जेवायचं ताटसुद्धा तिथेच मागते. बेल वाजली की आधी हात जोडते, मग उचलते."

संक्रांतीला मी मिरजेला गेले. निमाताई मागच्या दारी बसून सोलाणे सोलत होती. मीही बसले. तोवर मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, आता सगळं सांगितलं. ते दुसरं उत्तर सांगताना मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. तिचे हात थांबले नाहीत. शाळेत पोरींनी कितीही गोंधळ घातला तरी निमाताईचा आवाज चढत नाही, अशी तिची ख्याती होती. अशा माणसाला असलं काही सांगावं की नाही, या भीतीनं मी दोन-तीन महिने काढले होते. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे गं उजू, म्हातारी बाई आहे.

"पोरीबद्दल काय सांगितलंस?" तिनं विचारलं.

"चांगलं सांगितलं. अगदी मनापासून."

"ते बरं केलंस." तिनं एक घाटा सोलला, दाणे पातेल्यात टाकले. "आणि माईंना ते कळवलं नाहीस."

"नाही."

"जेवायच्या पण फोनपाशीच?"

"सायली म्हणाली तसं."

निमाताईनं मान हलवली. जोश्यांच्या घरातला तो फोन आमच्या दोघींच्याही डोळ्यांसमोर होता. भिंतीशी स्टूल, स्टुलावर बाबा, मांडीवर टोपी. त्याबद्दल आम्ही बोललो नाही.

"मग? अजून बसल्याच आहेत?"

"नाही. परवा होकार आला फाटकांचा. वैशाखात लग्न."

"म्हणजे किती झाले?"

"दोन महिने झाले असतील, थोडे जास्तच."

निमाताईनं मांडीवरची सालं झटकली, सूप पुढे ओढलं आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी तिचे डोळे तसे कधी बघितले नव्हते.

"दोनच?" ती म्हणाली.